सूर्य निजला म्हणून आपण निजायचं?

परवा सकाळी फिरून आल्यावर आम्ही पाच-सहा म्हातारे नेहमीप्रमाणे कट्ट्यावर टेकलो होतो. एकाने मोबाइल पुढे केला. संदेश असा होता : सूर्य लवकरच झोपी जाणार, २०३० नंतर पृथ्वीवर छोटं हिमयुग येणार, हा संदेश दहा जणांना पाठवा. खाली हात जोडल्याची दोन चित्रं. त्यावर आमचे दुसरे मित्र (बँकेतून निवृत्त झालेले, प्रत्येक गोष्टीत जमेची बाजू आधी पाहणारे) म्हणाले, "अहो, मग बरंच आहे की! सूर्य शांत म्हणजे वादळं नाहीत, उपग्रहांना त्रास नाही. सगळं सुरळीत."

पहिल्या संदेशाला मी हसलो. दुसऱ्या वाक्याला मात्र हसू येईना. कारण ते वाक्य माझंच होतं. भूगोलाचा मास्तर म्हणून पस्तीस वर्षं मी वर्गात हेच सांगत आलो. फळ्यावर एक गोल काढायचा, त्यात खडूने चार ठिपके द्यायचे आणि म्हणायचं, "मुलांनो, हे सौरडाग. साधारण अकरा वर्षांनी ते वाढतात आणि कमी होतात. डाग जास्त म्हणजे सूर्य खवळलेला, डाग कमी म्हणजे सूर्य शांत आणि पृथ्वी निर्धास्त." पहिला भाग बरोबर होता. शेवटचे दोन शब्द चूक होते. आज ते दोन शब्द खोडायला बसलो आहे.

ते खोडण्याची सुरुवात २००९ साली झाली. त्याच वर्षी मी निवृत्त झालो. निरोपसमारंभाला एक जुना विद्यार्थी आला होता, तो उपग्रहांच्या कक्षांचं गणित करण्याच्या नोकरीत आहे. चहा घेताना मी सहज म्हटलं, "अरे, सूर्यावर सध्या डागच नाहीत म्हणे. तुम्हा लोकांची मजा आहे." तो म्हणाला, "सर, मजा कसली? डाग नसले की वरची हवा आक्रसते, मग कचरा खाली यायचं नाव घेत नाही. तुम्ही आम्हाला शिकवलंत ते अर्धंच होतं." माझाच विद्यार्थी, आणि तोही माझ्या निरोपाच्या दिवशी! पण मुलगा बोलला ते खरं होतं.

आता ही भानगड काय आहे ते पाहू. सूर्यापासून मिळणारा एकूण प्रकाश आणि ऊब चक्राच्या वरच्या आणि खालच्या टोकाला जेमतेम हजारात एका भागाने बदलते. आपल्याला खाली ते कळतही नाही. पण सूर्याचे जे अतिनील आणि क्ष-किरण आहेत ते मात्र पुष्कळ बदलतात. अतिनीलाचा अगदी टोकाचा भाग दुपटीने किंवा त्याहूनही जास्त. हे किरण जमिनीपर्यंत येत नाहीत. आयनांबर म्हणून जो थर आपण शाळेत पाठ करतो, तिथली विरळ हवा ते शोषून घेते आणि तापते. तापली की फुगते, किरण कमी झाले की निवते आणि खाली बसते. पाचशे किलोमीटर उंचीवर हवेच्या घनतेत या चढउतारामुळे दहापट किंवा त्याहूनही अधिक फरक पडतो.

वाचकहो, ही हवा इतकी विरळ असते की तिला हवा म्हणावं का हाच प्रश्न. पण सेकंदाला साडेसात किलोमीटर धावणाऱ्या वस्तूला ती पुरते. ती वस्तूला अडवते, हळूहळू खाली ओढते आणि शेवटी जाळून टाकते. माझ्या पिढीला याचं उदाहरण सांगायची गरज नाही. १९७९ चा जुलै आठवा. स्कायलॅब! सत्त्याहत्तर टनांची ती अमेरिकन प्रयोगशाळा कुठे पडणार म्हणून सगळा देश आभाळाकडे पाहत होता. मी तेव्हा तालुक्याच्या गावी नवा मास्तर होतो. एक शेतकरी शाळेत येऊन मला म्हणाला, "मास्तर, ते पडणारच असंल तर पेरून काय उपेग?" मी त्याला पेरायला सांगितलं. (माझी तेवढी एक सूचना बरोबर निघाली.) ११ जुलैला स्कायलॅब कोसळली, तुकडे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. ती वेळेआधी का पडली? तर त्या वेळचं सौरचक्र अंदाजापेक्षा जोरकस निघालं, हवा फुगली आणि तिला वर ढकलायला जे यान तयार व्हायचं होतं ते होण्याआधीच ती खाली आली.

खवळलेल्या सूर्याचा तो प्रताप सगळ्यांनी पाहिला. शांत सूर्याचा प्रताप कुणी पाहत नाही, कारण त्यात काही पडत नाही. आणि 'काही पडत नाही' हाच तर तक्रारीचा मुद्दा आहे.

गावात गायरान असतं. सगळ्यांचं म्हणून कुणाचंच नाही. तिथे जो तो कचरा टाकतो, पण पावसाचा एक लोंढा आला की बराचसा वाहून जातो, म्हणून गाव तगतं. पृथ्वीभोवतीच्या जवळच्या कक्षांचं असंच आहे. आपण तिथे वापरून झालेले उपग्रह, अग्निबाणांचे टप्पे, फुटलेले तुकडे टाकतो. झाडलोट करणारा एकच : ती वरची विरळ हवा. आणि सूर्य मंदावला की हा झाडणारा रजेवर जातो. कचरा टाकणारे मात्र रजेवर जात नाहीत.

२००८-०९ साली काय झालं पाहा. २००८ मध्ये २६६ आणि २००९ मध्ये २६० दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता. वरच्या हवेची घनता, आधीच्या शांत काळांवरून जी असायला हवी होती, तिच्यापेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी भरली. अवकाशयुग सुरू झाल्यापासूनच्या नोंदींतला तो नीचांक होता. आणि नेमकी तीच वर्षं कशी होती? जानेवारी २००७ मध्ये चीनने आपलाच एक हवामान-उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, सुमारे ८६० किलोमीटर उंचीवर, आणि मोजता येतील असे तीन हजारांवर तुकडे झाले. १० फेब्रुवारी २००९ ला सैबेरियाच्या वर सुमारे ७९० किलोमीटरवर एक चालू अमेरिकन दूरसंचार-उपग्रह, इरिडियम ३३, आणि एक मेलेला रशियन उपग्रह, कॉसमॉस २२५१, एकमेकांवर आदळले. आणखी दोन हजारांवर तुकडे. म्हणजे उकिरडा सगळ्यांत मोठा झाला तेव्हाच झाडणारा सगळ्यांत अशक्त होता. सूर्याने टक्कर घडवली असं मी म्हणत नाही, ते पाप माणसाचंच. पण पसरलेलं आवरायला त्याने त्या वर्षांत हात लावला नाही, हे खरं.

आमचे बँकवाले मित्र म्हणतील, शांत काळात उपग्रहांचं इंधन वाचतं, त्यांचं आयुष्य वाढतं. मान्य. जमेच्या बाजूला ते लिहून ठेवू. पण चालू उपग्रहाचं आयुष्य वाढतं तसंच मेलेल्याचंही वाढतं, हे खर्चाच्या बाजूला कोण लिहिणार?

हा झाला हवेचा हिशेब. आता किरणांचा.

सूर्यापासून सतत सौरवारा वाहतो आणि त्याच्याबरोबर सूर्याचं चुंबकीय क्षेत्र दूरवर पसरतं. आकाशगंगेतून येणारे विश्वकिरण, म्हणजे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे अणुकेंद्रांचे कण, या आवरणामुळे काही अंशी बाहेरच अडतात. आवरण म्हणजे घोंगडीच म्हणा. सूर्य मंदावला की ती झिरझिरीत होते. युलिसिस नावाचं यान १९९० पासून सूर्याभोवती फिरत होतं. २००८ साली त्याच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की सौरवाऱ्याचा दाब, मोजमाप सुरू झाल्यापासूनच्या जवळपास पन्नास वर्षांत इतका कमी कधी नव्हता. आणि २००९ मध्ये विश्वकिरणांचा मारा आधीच्या पन्नास वर्षांतल्या कुठल्याही नोंदीपेक्षा १९ टक्क्यांनी जास्त भरला. सूर्याच्या वादळातल्या कणांचा मारा काही तास, काही दिवस टिकतो. हा वर्षानुवर्षं, रात्रंदिवस चालतो आणि यातले कण जाड भिंतीलाही दाद देत नाहीत. दूरच्या मोहिमेवरच्या अंतराळवीराला, उपग्रहातल्या बारीक विद्युत-मंडलांना, ध्रुवावरून जाणाऱ्या विमानातल्या कर्मचाऱ्यांना 'सूर्य शांत आहे, निर्धास्त राहा' असं सांगणारा मास्तर त्यांचा हितचिंतक नव्हे.

बरं, शांत सूर्य तरी खरोखर शांत असतो का? २००८ साली डाग नव्हते, पण सूर्याच्या प्रभामंडलात मोठी विवरं होती आणि त्यांतून वेगवान सौरवाऱ्याचे झोत निघून पृथ्वीवर पुनःपुन्हा आदळत होते. तेव्हा पृथ्वीभोवतीच्या बाहेरच्या प्रारण-पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनांचं प्रमाण १९९६ सालच्या शांत काळापेक्षा तीनपटीहून अधिक होतं. डाग मोजणाऱ्याला दोन्ही वर्षं सारखीच दिसली असती. नुसते डाग मोजून सूर्याची नाडी कळत नाही.

आणि वादळं? फेब्रुवारी १९८६ मध्ये, म्हणजे चक्र जवळजवळ तळाला पोचलं असताना, एक जबरदस्त चुंबकीय वादळ पृथ्वीवर येऊन गेलं. २३ जुलै २०१२ ला सूर्यावरून वायूचा जो लोट उसळला तो गेल्या दीडशे वर्षांतल्या सर्वांत जोरदार लोटांच्या तोडीचा होता. आपल्या दैवाने तो भलत्या दिशेला गेला. तेव्हा चालू होतं ते २४ वं सौरचक्र, शंभर वर्षांतलं सगळ्यांत कमजोर! कमजोर चक्रात वादळं कमी येतात, पण येणारं वादळ कमजोरच असेल असा कुठलाही करार सूर्याने आपल्याशी केलेला नाही.

हे आपण मराठी माणसांनी तरी विसरू नये. २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकसूचीने जी डुबकी मारली, सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांची, ती आजही जगभरचे अभ्यासक त्या वादळाचं माप म्हणून वापरतात. त्या काळचं सौरचक्र काही अवाढव्य नव्हतं, मध्यमच होतं. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या यायच्या म्हणून चुंबकीय नोंदींचं काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं, ते आजही तिथे चालू आहे. अलिबागला जाऊन मासे खाऊन येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? त्या नोंदी करणाऱ्यांनी 'आज काही होत नाही' म्हणून एक दिवस जरी दांडी मारली असती, आणि तो दिवस १८५९ चा तो दिवस असता, तर?

आता हिमयुगाच्या संदेशाचं बघतो. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते, हे खरं. (म्हणजे रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला तो बिनडागी सूर्याच्या साक्षीने.) युरोपात तेव्हा थंडी होती, हेही खरं. पण ती थंडी डाग नाहीसे होण्याच्या बरीच आधी सुरू झाली होती आणि तिच्यामागे ज्वालामुखींसारखी इतर कारणंही होती. तसा मोठा मंदीचा काळ आज पुन्हा आला तरी पृथ्वी अंशाच्या काही दशांशांनीच निवेल असा हिशेब आहे. आपण तिला आधीच एका अंशाहून जास्त तापवून ठेवलं आहे. २०१९ मध्ये २८१ दिवस सूर्यावर डाग नव्हते, आणि लगेच पुढचं २०२० हे तोवरच्या सर्वांत उष्ण वर्षांपैकी एक ठरलं. स्वेटर खरेदीची घाई नको.

गंमत अशी की ज्या कार्बन डायऑक्साइडने खालची हवा तापते त्यानेच वरची हवा निवते आणि आक्रसते. म्हणजे प्रत्येक शांत काळात झाडणारा आधीच्या खेपेपेक्षा थोडा अधिक अशक्त होऊन रजेवर जाणार. 'सूर्य झोपला, आता पृथ्वी थंड होणार' म्हणणारे नेमकी उलटी काळजी करत आहेत. थंडी वर आहे, आणि तिची झळ उपग्रहांना आहे.

माझा राग संदेश पाठवणाऱ्यांवर फारसा नाही, त्यांना निदान भीती तरी वाटते. राग आहे तो शांततेची सवय लावून घेणाऱ्यांवर. चोविसावं चक्र मवाळ निघालं आणि त्या मवाळ वर्षांत अवकाशाचे सगळे मनसुबे रचले गेले. २०१९ च्या मे महिन्यात, सूर्य तळाला असताना, स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह एका दमात गेले. ३ फेब्रुवारी २०२२ ला आणखी ४९ गेले, सुमारे २१० किलोमीटरच्या तात्पुरत्या कक्षेत. एक अगदी किरकोळ चुंबकीय वादळ आलं, हवा फुगली आणि त्यांतले ३८ जळून गेले. सूर्य तेव्हा नुसता कूस बदलत होता! तज्ज्ञ मंडळाने पंचविसावं चक्रही कमजोरच राहील, डागांचा आकडा ११५ च्या आसपास जाईल असं भाकीत केलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो सुमारे १६० पर्यंत गेला. त्याच वर्षी मे महिन्यात लडाखच्या हानलेहून लाल ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रं घेता आली आणि अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहांच्या भरवशावर चालणारे ट्रॅक्टर शेतात थांबले. पेरू का नको हा प्रश्न पंचेचाळीस वर्षांनी तिथल्या शेतकऱ्याला पडला, म्हणायचं.

आपल्या घरचंही बोलायला हवं. २७ मार्च २०१९ ला आपण आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने पाडला. उंची तीनशे किलोमीटरच्या आसपास ठेवली होती, चीनच्या मानाने ते पुष्कळ शहाणपणाचं होतं, आणि आपल्या शास्त्रज्ञांचं कौशल्य मीही टाळ्या वाजवून पाहिलं. तुकडे काही आठवड्यांत खाली येतील असं सांगण्यात आलं. बहुतेक आलेही. पण काही धडकेने वरच्या लांबट कक्षांत उडाले आणि वर्ष उलटलं तरी वर फिरत होते. मुख्य कारण ती उडी हेच. पण वर्ष कुठलं निवडलं होतं? २८१ बिनडागी दिवसांचं. हे म्हणणं देशविरोधी वाटत असेल तर वाटो. मुलाची वही तपासताना मी आडनाव पाहून गुण दिले नाहीत.

मग करायचं काय? आज सूर्य शिखरावरून उतरतो आहे. पुढचा तळ साधारण २०३०-३१ च्या सुमारास यावा. २००९ साली चालू उपग्रह हजाराच्या आसपास होते, आज ते दहा हजारांच्या वर आहेत. त्या तळाला झाडणारा रजेवर जाईल तेव्हा गायरानात काय असेल याचा निर्णय आत्ता होतो आहे. काम संपलेला उपग्रह पंचवीस वर्षांत खाली आणावा असा जुना संकेत होता. अमेरिकेने २०२२ मध्ये आपल्यापुरती ती मुदत पाच वर्षांवर आणली. भारताने २०३० पर्यंत आपल्या सगळ्या मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्प २०२४ मध्ये जाहीर केला आहे. दोन्ही गोष्टी चांगल्या. माझं म्हणणं एवढंच की मुदतीचा हिशेब सरासरी सूर्य धरून करू नका, सगळ्यात मंद सूर्य धरून करा. हवा काय ते बघून घेईल, असं म्हणून हात झटकू नका. आणि आदित्य एल-१ सारखी जी यानं सूर्याकडे डोळे लावून बसली आहेत त्यांच्या पैशाला शांत वर्षांत कात्री लावू नका. उपयोग काय, हा प्रश्न नेमका तेव्हाच विचारला जातो.

आमच्या गावाकडे विहिरीतला गाळ उन्हाळ्यात काढत, पाणी तळाला गेलं की. तेव्हा विहीर कोरडी दिसते, तिच्यात बघण्यासारखं काही नसतं, आणि म्हणूनच ते काम तेव्हा करायचं असतं. पावसाळ्यात गाळ काढता येत नाही.

कट्ट्यावरच्या मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे सूर्य खवळला तरी भीती आणि निजला तरी भीती. माणसाने जगायचं कसं?" मी म्हटलं, "भिऊन नका जगू. हिशेब ठेवून जगा, तुम्ही बँकेतच होतात ना?"

आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्याने वहीत दुरुस्ती करून घ्यावी. 'पृथ्वी निर्धास्त' हे शब्द खोडावेत. चूक सरांची होती.